आमेनच्या आधी उठून गेलेले शमुवेलभाऊ

साताऱ्याहून मेढ्याला जाणाऱ्या एसटीतल्या एका कंडक्टरनं मला नर्स समजून चांगली चार वर्षं आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगितलं. पांढरी साडी, काळी पिशवी आणि दर बुधवारची ठरलेली फेरी. त्याचं तरी काय चुकलं म्हणा! शेवटी एकदा मीच सांगून टाकलं, "दादा, मी नर्स नाही. आमच्या चर्चची सेविका आहे. मोठ्या माणसांचे प्रार्थनेचे गट चालवते."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "म्हंजे भजनी मंडळच म्हना की वो तुमचं." तिकिटाचे सुटे देता देता पुढं म्हणाला, "मग गुडघ्यासाठी प्रार्थना तरी करा."

केली. पुढं गुडघ्याचं काय झालं ते ठाऊक नाही, कारण त्याची बदली झाली. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. मागणं आपण करायचं, निकाल कधी कानावर येतो, कधी येत नाही.

अठ्ठावीस वर्षं मी हे काम केलं. आधी सातारा आणि जावळीच्या बाजूला, शेवटची अकरा वर्षं सांगलीत. रविवारची उपासना पाद्रींची, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांची, सोमवार ते शनिवार माझे. लहान मुलांसाठी आमच्यात रविवारी शाळा असते, तरुणांसाठी संघ असतो. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या आत्म्याकडं कोण बघणार? सगळ्यांना वाटतं, हा घडून झालाय. अहो, काही घडून झालेला नसतो! उलट पोरंबाळं मार्गी लागली, गुडघे कुरकुरायला लागले की खरे प्रश्न तेव्हाच सुरू होतात. मग अशी आठ-दहा माणसं आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमवायची. एक गीत म्हणायचं, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय वाचायचा, त्यावर बोलायचं, कुणाच्या काय अडचणी आहेत ते विचारायचं आणि शेवटी प्रार्थना. याला आम्ही 'कॉटेज मीटिंग' म्हणतो. कॉटेज मी जन्मात पाहिलेलं नाही. आमच्या मीटिंगा पत्र्याच्या दोन खोल्यांत होतात, आणि निम्मी मंडळी कॉटवर, निम्मी खाली.

या कामात मी दोन नियम केले. पहिला, चहा आणि बिस्किट, बास. कारण एका घरी पोहे झाले की दुसऱ्या घरी शिरा होतो, तिसऱ्या घरी पुरीभाजी, आणि चौथ्या घरची बाई म्हणते, "आमच्यात नगं मीटिंग, जागा लहान हाय." जागा लहान नसते, पुरीभाजी जड झालेली असते. दुसरा नियम असा की अध्याय वाचताना प्रत्येकानं पाळीपाळीनं एकेक ओवी वाचायची. ओवी म्हणजे अध्यायातलं एक छोटं वचन. पाळकसाहेबांनी एकट्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी जांभया द्यायच्या, हे मला पटायचं नाही. दुसऱ्या नियमाचा मला पहिल्यापेक्षा जास्त अभिमान होता. त्याबद्दल पुढं सांगतेच.

शेवटच्या प्रार्थनेची पद्धत अशी: सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ज्याला वाटेल त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची. आता डोळे मिटले की माणसाला जरा जोर येतो. साताऱ्याला एक सासूबाई होत्या, त्या डोळे मिटून म्हणायच्या, "प्रभो, आमच्या घरातल्या काही माणसांना सकाळी लवकर उठायची बुद्धी दे." दोन आठवडे सुनेनं ऐकून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात तिचाही बारीक आवाज आला, "प्रभो, आमच्या घरातल्या वडील माणसांना गोड बोलायची कृपा दे, आणि रात्री टीव्ही लवकर बंद करायची सुद्धा, म्हणजे बाकीची माणसं सकाळी लवकर उठतील." मी ओठ दाबून बसले. शेवटचं 'आमेन' सगळ्यांनी जरा जास्तच जोरात म्हटलं. मीटिंग संपल्यावर दोघींना बाजूला घेऊन मी सुनावलं, "हे बघा, देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. बोलायचं ते एकमेकींशी बोला." इतका शहाणपणा मी दुसऱ्यांना शिकवलाय. म्हणूनच पुढं जे सांगणार आहे त्याची लाज मला अजून वाटते.

सांगलीतला माझा गुरुवारचा गट अकरा जणांचा. त्यात शमुवेलभाऊ होते. हळदीच्या पेठेत हमालांचे मुकादम, साठीला टेकलेले, उंचेपुरे, मोजकं बोलणारे. हळकुंड मोडून नुसत्या आवाजावरून मालाचा कस सांगायचे. हाताला हळद इतकी मुरलेली की त्यांच्या शास्त्राच्या पुस्तकाची पानं कडेनं पिवळी झाली होती. त्यांची बायको दीनामावशी, शाळेत शिपाई होती, ती बोलकी. शमुवेलभाऊ वाचताना कधी अडखळायचे नाहीत. एखाद्या गोष्टीवर बोलणं निघालं की मागचा-पुढचा सगळा अध्याय तोंडपाठ म्हणून दाखवायचे. गटातली माणसं त्यांना 'शास्त्रीबुवा' म्हणायची. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांत त्यांना घ्यावं असंही बोललं जात होतं.

एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं. नदीकाठची माणसं सामान वरच्या फळीवर ठेवत होती. गुरुवारी सगळे धास्तावलेले. त्या दिवशी हरवलेल्या मेंढराचा अध्याय घ्यायचं मी आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. मी म्हटलं, "आज ते राहू दे. वादळात नाव सापडली ती गोष्ट वाचू. मनाला धीर येईल." पानं उलटली, वाचन सुरू झालं. वारा सुटला, लाटा उसळल्या, नावेत पाणी भरायला लागलं, आणि पाळी शमुवेलभाऊंची आली. त्यांनी चष्मा सारखा केला, ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, की मेंढपाळानं मेंढराला आनंदानं खांद्यावर घेतलं.

हशा पिकला. शेजारच्यानं "भाऊ, पान चुकलं तुमचं" म्हणून पुस्तकात डोकावलं. भाऊही हसले, "व्हय की, चुकलं." पण मी त्यांच्या समोरच बसले होते. पान चुकलेलं नव्हतं. पान मघाशी शेजारच्यानंच काढून दिलं होतं. बोट वादळावर होतं आणि तोंड मेंढरावर.

मीटिंगनंतर मी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेले. दीनामावशी मुद्दाम मागं राहिली. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "बाई, तुमी वळकलं न्हवं?"

"भाऊ, चालायचंच."

"मला आकडे येत्यात. पोत्यावरच्या खुणा येत्यात. अक्षर न्हाई येत. तुमी पुढच्या हप्त्याचा अध्याय सांगता, मग ही मला रोज सांजच्याला त्यो वाचून दावती. गुरुवारपतूर सगळा पाठ हुतो. आज तुमी अध्याय बदलला. मग काय करू? जे पाठ हुतं ते म्हनलं."

अकरा वर्षांतला निम्मा काळ हा माणूस दर आठवड्याला एक अख्खा अध्याय पाठ करून माझ्यासमोर बसत होता! मला धड वीस ओव्या सलग येत नाहीत. मी विचारलं, "शिकायचंय का?"

त्यांनी एकदा मागं वळून दीनामावशीकडं बघितलं. मग म्हणाले, "शिकीन. पन अट एकच. कुनाला कळता कामा न्हाई. पेठंतली मानसं मला मुकादम म्हनत्यात, हितली शास्त्री म्हनत्यात. ह्या वयात बाराखडी गिरवतोय म्हनल्यावर काय राहील माझं?"

मी शब्द दिला. दर सोमवारी दुपारी, पेठ सुटल्यावर, ते माझ्या खोलीवर यायचे. दीनामावशी सोबत यायची आणि दाराशी तांदूळ निवडत बसायची, म्हणजे कुणी आलं तर निवडण-टिपण चाललंय असं वाटावं. एवढ्या मोठ्या हातात पेन्सिल नीट बसायची नाही. पण माणूस चिवट. अध्याय पाठ असल्यानं पुढचा शब्द ते अंदाजानं सांगून टाकायचे. मग मी शास्त्र मिटून ठेवलं आणि दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्या. एका गुरुवारी दुपारी ते धावतपळत माझ्याकडं आले, मागोमाग दीनामावशी. दम लागलेला. "बाई, वाचलं! म्या एकट्यानं वाचलं! पेठंच्या भिंतीवर इतकी वरसं हुतं, आज कळलं काय हाय ते." मी म्हटलं, "काय आहे?" तर म्हणतात, "येथे थुंकू नये!"

आम्ही तिघं पोट धरून हसलो. दीनामावशीचे तर डोळे भरून आले. मला इतका आनंद झाला होता की तो पोटात मावेना. त्याच संध्याकाळी गटाची मीटिंग होती. गीत झालं, अध्याय झाला, अडचणी सांगून झाल्या, सगळ्यांनी डोळे मिटले. शेवटची प्रार्थना माझी असते. मी आभार मानायला सुरुवात केली, पाणी ओसरलं म्हणून, आजारी माणसं बरी झाली म्हणून, आणि त्याच ओघात माझ्या तोंडून गेलं, "आणि प्रभो, आमच्या शमुवेलभाऊंना या वयात तू वाचायला शिकवतोस, आज त्यांनी पहिलं वाक्य वाचलं, म्हणून तुझे किती आभार मानू..."

वाक्य बाहेर पडलं आणि मग मी दिलेला शब्द आठवला. डोळे उघडायची हिंमत होईना. पुढं काय बोलले मला आठवत नाही. 'आमेन' म्हणून डोळे उघडले तर शमुवेलभाऊंची जागा रिकामी होती. उंबऱ्यापाशी त्यांच्या चपला नव्हत्या. दीनामावशी खाली मान घालून बसली होती. आणि एक भला माणूस, मनानं अगदी साधा, म्हणाला, "आरं वा! म्हंजे इतकी वरसं शास्त्रीबुवांना वाचायला येत न्हवतं व्हय?" त्यानं कौतुकानंच म्हटलं होतं. ते जास्त वाईट.

आता माझ्या मूर्खपणाची कमाल ऐका. मी लगेच त्यांच्या घरी गेले नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटली. पुढच्या गुरुवारी, ते आले नाहीत तेव्हा, मी भरल्या गटात डोळे मिटून प्रार्थना केली, "प्रभो, माझ्या जिभेनं एका भावाचं मन दुखावलं, मला क्षमा कर." रडलेसुद्धा. मनाला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी दीनामावशी वाटेत भेटली. म्हणाली, "काल काय झालं ते म्या त्यांस्नी सांगिटलं. ते म्हनले, परत देवालाच सांगिटलं व्हय?"

ते ऐकून मी तशीच तिच्याबरोबर घरी गेले. शमुवेलभाऊ ओट्यावर बसून कॉटची नवार ताणत होते. मी समोर उभी राहिले. त्यांनी वर बघितलं नाही. नवार ओढत ओढत म्हणाले, "बाई, एक इचारू? मला वाचाय येत न्हाई हे देवाला ठावं हुतं का न्हवतं?"

"होतं."

"मग त्येला सांगायची काय गरज हुती? तुमी देवाला न्हाई सांगिटलं. लोकांस्नी सांगिटलं. डोळं मिटून सांगिटलं, एवढंच."

माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या कामावर इतका नेमका शेरा कुणी मारला नाही. मी म्हटलं, "भाऊ, चूक माझी. मी शब्द मोडला. मला माफ करा." हे मी डोळे उघडे ठेवून, त्यांच्याकडं बघून म्हटलं. इतकी जड प्रार्थना मी कधी केली नव्हती.

ते म्हणाले, "केलं माफ. चहा घिऊन जावा. पन मी आता मीटिंगला येनार न्हाई, आन् सोमवारी बी न्हाई." दारातून आत कपाटावर, सुटकेसच्याही वर, त्यांची अंकलिपी आणि पेन्सिल ठेवलेली दिसली. माफी मिळाली होती, पण माणूस वाचायचा थांबला तो थांबलाच. हे मी केलं होतं, आणि ते मला निस्तरता येईना.

पुढचे दोन महिने गट चालला तो कसाबसा. मग एका गुरुवारी वाचनाची पाळी सुमनबाईवर आली. ही लूमवर काम करणारी, पन्नाशीची. नेहमीप्रमाणं ती उठली, "चहा बघते." मी सवयीनं म्हटलं, "बस गं, चहा होईल नंतर." ती दारातच थांबली. मग एकदम वळून म्हणाली, "बाई, मलाबी न्हाई येत वाचाय. भाऊंचं कळल्यापास्नं मला झोप न्हाई. त्यांनी तरी पाठ केलं. म्या तर दर गुरुवारी चहा उकळीत उभी ऱ्हाते."

मग कॉटवरून एक आवाज आला, "माझी पाळी आली की गळा बसतो तो ह्याच्यासाठीच." आणि भिंतीजवळची एक आजी म्हणाली, "मी तर दर बारीला चष्मा घरीच इसरते. मला चष्माच न्हाई."

अकरातले चार! आणि माझा अभिमानाचा नियम, पाळीपाळीनं एकेक ओवी! ज्याला मी सगळ्यांचा सहभाग म्हणत होते, ती या चौघांची दर आठवड्याची परीक्षा होती. तरी ती चार माणसं इतकी वर्षं येत राहिली. मला वाटायचं, सुमनला चहा करायची हौस आहे. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली आणि तो नियम मोडला. तेव्हापासून एकानं सावकाश मोठ्यानं वाचायचं, मग पुस्तकं मिटायची आणि ऐकलेली गोष्ट आपापल्या बोलीत सांगायची. गट त्यानंतर जो रंगला, तो आधी कधी रंगला नव्हता.

पण सुमनबाईचं तेवढ्यावर भागेना. तिला वाचायला शिकायचंच होतं. मी म्हटलं, "सोमवारी ये माझ्याकडं." ती म्हणाली, "तुमच्याकडं न्हाई, बाई. राग मानू नका. भाऊंकडं." आणि ती खरंच गेली, बाकीच्या दोघांना घेऊन. तिथं काय झालं ते मला दीनामावशीनं सांगितलं. सुमन म्हणाली, "भाऊ, शिकवा आमाला." भाऊ म्हणाले, "मला सगळं कुठं येतंय? निम्मंच येतंय." सुमन म्हणाली, "मग निम्मंच शिकवा. आमाला तेबी येत न्हाई." खुर्ची घेऊन कपाटावरची अंकलिपी त्यांनी स्वतः खाली काढली.

दर मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर वर्ग भरायला लागला. अट एकच, कुणीही यावं, 'बाई' सोडून, म्हणजे मी सोडून. पेठेतले दोन हमाल यायला लागले. आष्ट्याहून भाजी घेऊन येणारी एक बाई, आमच्या मंडळीतली नव्हे हो, हिंदू, तीही टोपली टेकवून अर्धा तास बसायची. बाराखडी झाली की भाऊ एक अध्याय पाठ म्हणायचे, नि तोच मग सगळे मिळून पुस्तकात शोधायचे. मी रस्त्याच्या पलीकडून जायचे, जरा हळू चालायचे. सुरात म्हटलेली अक्षरं कानावर पडायची. खोटं कशाला बोलू, आपणही त्या ओट्यावर असावं असं वाटायचं. पण घरी आल्यावर दर वेळी आभारच मानले, आणि हो, मनातल्या मनात.

माझ्या निवृत्तीला महिना राहिला होता. एका सकाळी दीनामावशी आली नि एक चिठ्ठी हातात देऊन उभी राहिली. वहीचा फाडलेला कागद, पेन्सिलीनं दाबून काढलेली मोठी मोठी अक्षरं. तीनच वाक्यं होती. "मंगळवारी या. मागं बसा. बोलू नका."

मी गेले. मागं बसले. बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना विचारा, एक तास गप्प बसणं मला काय पडलं असेल! ओट्यावर नऊ जण होते. सुमनबाईनं बोट ठेवून एक ओवी वाचली, तीन ठिकाणी अडखळली, आणि तिला कुणी पुढचा शब्द सांगितला नाही. तिचा तिला सापडेपर्यंत सगळे थांबले. मग शमुवेलभाऊंनी पुस्तक घेतलं. मी मान खाली घातली. ते अडखळत होते! ज्या माणसाला अख्खे अध्याय पाठ, तो एकेका शब्दाला थांबत, मागं जात, परत धरत वाचत होता. पाठ नसलेला, कधी न ऐकलेला भाग त्यांनी मुद्दाम निवडला होता. शास्त्रीबुवा नऊ जणांसमोर अडखळत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

वाचन संपल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "आता शेवटची प्रार्थना बाई करतील."

मी दचकले. सगळ्यांनी डोळे मिटले. मी पण मिटले, श्वास घेतला, तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा आवाज आला, "मनातल्या मनात, बाई."

आधी सुमन फिसकन हसली, मग भाजीवाली, मग सगळा ओटा. मीही हसले आणि हसता हसता रडले. मग सगळे शांत झाले आणि मी प्रार्थना केली. आयुष्यात हजारो प्रार्थना मी मोठ्यानं केल्या. ही मात्र बरीच लांबली, आणि मी डोळे उघडले तेव्हा शमुवेलभाऊ समोरच बसलेले होते.